विश्लेषण : इंजेक्शन कोणी दिले, यावरून बिल का बदलते?

पुरुषांच्या ताठरतेच्या समस्येवरचे एक इंजेक्शन डॉक्टरांनी दवाखान्यात दिले तर अमेरिकेतला सरकारी विमा त्याचा विचार करतो. तेच औषध रुग्णाने घरी स्वतः टोचून घेतले तर करत नाही. हा फरक कागदावर अचूक उतरवण्याचे काम नागपूरसारख्या शहरांत बसलेले मेडिकल कोडर करतात. त्याच शहरातल्या रुग्णाला मात्र अशा उपचाराचे साधे तपशीलवार बिलही अनेकदा मिळत नाही, किंवा तो मागत नाही. हे कोड काय सांगतात आणि आपल्याकडच्या बिलात काय असायला हवे?

प्रताप नगर आणि परसोडीचा संबंध काय?

नागपूरच्या नैऋत्येला प्रताप नगर, त्रिमूर्ती नगर, खामला हा नोकरदार आणि निवृत्तांचा पट्टा आहे. दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब आणि औषधांची दुकाने इथे पावलोपावली दिसतात. प्रताप नगरला लागूनच परसोडीचा आयटी पार्क आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरांची बिले तयार करणे, त्यांना कोड लावणे, विमा कंपनीने नाकारलेले दावे पुन्हा पाठवणे ही कामे गेल्या काही वर्षांत भारतातल्या मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाहीत. नागपुरातही ती होतात. बी. फार्म., बीएस्सी, फिजिओथेरपी, आयुर्वेद अशा शाखांचे पदवीधर त्याकडे वळतात. १०० प्रश्न, चार तास आणि उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के अशी 'सीपीसी' नावाची परीक्षा त्यांच्यासाठी नोकरीचे दार असते.

या मुलामुलींच्या पडद्यावर रोज यूरॉलॉजीच्या नोंदी येतात. त्यांतली एक नोंद घरी जेवताना सांगता येत नाही, पण कामात चुकवताही येत नाही. ती असते इरेक्टाइल डिसफंक्शनची, म्हणजे लिंगाला संबंधासाठी पुरेशी ताठरता न येण्याची. वैद्यकीय कागदांत तिला 'ईडी' म्हणतात. बातम्यांतल्या ईडीशी तिचा काही संबंध नाही, पण दोन्हींचे नाव काढले की माणसे सारखीच गप्प होतात.

डॉक्टरांनी द्यायचे हे औषध कोणते?

ईडी म्हटले की सर्वांना गोळी आठवते. सिल्डेनाफिलला, म्हणजे व्हायग्राला, अमेरिकेत मार्च १९९८ मध्ये परवानगी मिळाली. त्याआधी इंजेक्शन आले होते. १९८२ मध्ये पॅरिसचे डॉ. रोनाल्ड विराग यांनी पॅपॅव्हेरिन हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध लिंगातल्या स्पंजासारख्या पेशीजालात टोचल्यास ताठरता येते, हे मांडले. पुढच्याच वर्षी लास व्हेगासला यूरॉलॉजिस्टांच्या परिषदेत ब्रिटनचे प्रा. जाइल्स ब्रिंडली यांनी व्याख्यानापूर्वी स्वतःला इंजेक्शन घेतले आणि भर सभेत पँट उतरवून परिणाम दाखवला. वैद्यकशास्त्रातल्या प्रात्यक्षिकांत इतके धाडसी, आणि श्रोत्यांची इतकी पंचाईत करणारे, दुसरे क्वचितच असेल.

आज यासाठी मुख्यतः अल्प्रोस्टॅडिल वापरतात. अमेरिकेत १९९५ मध्ये ते 'कॅव्हरजेक्ट' या नावाने आले. मूत्रमार्गात ठेवायची त्याची बारीक गोळीही मिळते. आपल्याकडच्या नवजात शिशू विभागांना हे औषध वेगळ्याच कारणाने परिचित आहे. जन्मतः हृदयदोष असलेल्या काही बाळांची एक रक्तवाहिनी शस्त्रक्रियेपर्यंत उघडी ठेवण्यासाठी ते देतात. पॅपॅव्हेरिन, फेंटोलामाइन आणि अल्प्रोस्टॅडिल एकत्र करून केलेल्या मिश्रणाला 'ट्रायमिक्स' म्हणतात.

गोळ्यांचा उपयोग न होणारे मधुमेही, प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेले, किंवा हृदयासाठी नायट्रेट घेत असल्याने ज्यांना सिल्डेनाफिल चालत नाही असे रुग्ण इंजेक्शनकडे येतात. पहिली मात्रा दवाखान्यातच द्यायची असते. कोणाला किती पुरेल याचा आधी अंदाज येत नाही. मात्रा बसली की रुग्णाला घरी टोचून घ्यायला शिकवतात. बिलाचा सगळा गुंता इथूनच सुरू होतो.

'कोणी दिले' हा प्रश्न इतका महत्त्वाचा का?

अमेरिकेत ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी मेडिकेअर हा सरकारी विमा आहे. त्याचा 'पार्ट बी' डॉक्टरांच्या सेवेचे आणि डॉक्टरांनी दिलेल्या औषधांचे पैसे देतो, तर 'पार्ट डी' दुकानातून घेतलेल्या औषधांचे. ईडीच्या औषधांना पार्ट डीमधून १ जानेवारी २००७ पासून वगळण्यात आले. गरिबांसाठीच्या मेडिकेडला या औषधांसाठी केंद्राकडून मिळणारा पैसा त्याच्या एक वर्ष आधी थांबला होता. २००५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या काहींना सरकारी खर्चाने व्हायग्रा मिळाल्याचे उघड झाले होते. त्यावरच्या संतापातून कायदा बदलला आणि त्यात सामान्य मधुमेही आजोबांचीही औषधे गेली.

उरला पार्ट बी. तो फक्त अशा औषधांचे पैसे देतो जी बहुतांश रुग्ण स्वतः घेत नाहीत. निम्म्याहून अधिक लाभार्थी एखादे औषध स्वतःच टोचून घेत असतील, तर ते 'सहसा स्वतः घेतले जाणारे' ठरते आणि यादीतून बाहेर पडते. ही यादी मेडिकेअरचे विभागवार कंत्राटदार जाहीर करतात. त्यामुळे दवाखाना कोणत्या राज्यात आहे आणि तिथल्या यादीत अल्प्रोस्टॅडिल आहे का, हे कोडरला आधी पाहावे लागते.

अल्प्रोस्टॅडिलच्या इंजेक्शनचा कोड आहे जे०२७० आणि मूत्रमार्गातल्या गोळीचा जे०२७५. दोन्ही कोडांच्या व्याख्येतच अट लिहिलेली आहे : मेडिकेअरसाठी हा कोड डॉक्टरांच्या थेट देखरेखीखाली औषध दिले तरच वापरावा, रुग्णाने स्वतः घेतले असल्यास वापरू नये. औषधाच्या कोडमध्येच 'सुई कोणाच्या हातात होती' अशी विचारणा क्वचित आढळते.

एका भेटीचे बिल कसे तयार होते?

समजा, ओहायोतले ६८ वर्षांचे एक मधुमेही गृहस्थ यूरॉलॉजिस्टकडे गेले. डॉक्टरांनी २० मायक्रोग्रॅमच्या, एकदाच वापरायच्या कुपीतून १० मायक्रोग्रॅम अल्प्रोस्टॅडिल स्वतः टोचले, परिणाम पाहिला, तासाभराने घरी सोडले आणि उरलेले औषध फेकून दिले. तिथल्या यादीनुसार औषधाचा दावा करता येतो असेही धरू. नोंद कोडरकडे आली.

पहिला कोड टोचण्याच्या कृतीचा, ५४२३५. दुसरा औषधाचा, जे०२७०. इथे नवशिका हमखास अडखळतो, कारण जे०२७० चे एक युनिट म्हणजे एक कुपी नव्हे, एक मायक्रोग्रॅमही नव्हे, तर १.२५ मायक्रोग्रॅम. १० ला १.२५ ने भागले की येतात आठ युनिट. फेकलेल्या १० मायक्रोग्रॅमचीही आठ युनिट होतात. ती वेगळ्या ओळीत, 'जेडब्ल्यू' हे शेपूट लावून लिहायची. काहीच वाया गेले नसते तर १ जुलै २०२३ पासून 'जेझेड' लावून तसे सांगावे लागते. म्हणजे वाया न गेल्याचीही नोंद द्यायची. 'दहा मायक्रोग्रॅम' वाचून कोणी दहा युनिट लिहिली, तर दोन युनिटचे पैसे जास्त मागितले गेले. कुपी एक म्हणून एकच युनिट लिहिले, तर डॉक्टरांचे सात युनिटचे पैसे बुडाले. आकडे लहान आहेत, पण तीच चूक वर्षभर प्रत्येक रुग्णाच्या बिलात होत राहते.

तिसरा कोड तपासणी-सल्ल्याचा. इंजेक्शन देण्यासाठीच भेट ठरली असेल आणि डॉक्टरांनी 'कसे आहात' विचारून सुई घेतली असेल, तर सल्ल्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. मधुमेहाची औषधे बदलली, दुसरी तक्रार तपासली, असे स्वतंत्र काम नोंदीत दिसले तरच '२५' हे शेपूट लावून तो कोड जोडता येतो. याच दिवशी लिंगाच्या रक्तप्रवाहाची डॉप्लर सोनोग्राफी केली असेल तर तिचा कोड ९३९८०. मात्र डायनॅमिक कॅव्हर्नोसोमेट्री ही दाब मोजण्याची चाचणी केली असेल, तर तिच्या ५४२३१ या कोडातच इंजेक्शन धरलेले आहे. तिथे ५४२३५ पुन्हा लावला की एकाच सुईचे पैसे दोनदा मागितल्यासारखे होते. लिंगाला बाक येण्याच्या पेरोनी आजारातही तिथेच सुई टोचतात, पण तिचा कोड ५४२००. नोंद घाईत वाचणारा इथे फसतो.

आता प्रसंग थोडा बदलू. औषध रुग्णाने दुकानातून विकत आणले आणि डॉक्टरांनी फक्त टोचले. अशा वेळी टोचण्याचा कोड लागतो, पण जे०२७० लागत नाही, कारण औषधावर दवाखान्याचा खर्च झालेलाच नाही. आणखी बदलू. नर्सने शिकवले आणि रुग्णाने तिच्यासमोर स्वतः टोचले. मग ५४२३५ जातो, कारण रुग्णाने केलेली कृती डॉक्टरांची प्रक्रिया म्हणून विकता येत नाही. राहते फक्त शिकवण्याची भेट. तिन्ही प्रसंगांत औषध तेच, मात्राही तीच. नोंदीतल्या एका क्रियापदावर, 'दिले', 'दिले गेले' की 'घेतले', बिल उभे राहते. डॉक्टरांनी ते क्रियापद लिहिलेच नसेल तर कोडरने अंदाज करायचा नसतो. प्रश्न परत पाठवायचा असतो.

ट्रायमिक्सला स्वतःचा कोड नाही. ते औषधालयात मिसळून होते म्हणून जे७९९९ किंवा विमा कंपनी सांगेल तो 'अवर्गीकृत' कोड लावून, आत काय किती होते ते शब्दांत लिहावे लागते. अशा दाव्यांची तपासणी बहुधा माणूस करतो आणि उत्तर यायला वेळ लागतो.

आजाराचा कोड एकच नाही का?

नाही, आणि त्यात भारतीय रुग्णालयांत काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी मेख आहे. अमेरिकेच्या आयसीडी-१० आवृत्तीत ईडी 'एन५२' या गटात येते. रक्तपुरवठा कमी असेल तर एन५२.०१, प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरची असेल तर एन५२.३१. मधुमेहामुळे असेल तर एन५२.१, पण तो एकटा चालत नाही. आधी मधुमेहाचा ई११.६९ लिहावा लागतो. कारण मानसिक असेल तर कोड मनोविकारांच्या प्रकरणातला, एफ५२.२१. कारण माहीत नाही म्हणून सरसकट एन५२.९ लिहिणे सोपे, पण दावा नाकारायला विमा कंपनीला तेवढेच पुरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये मात्र शारीरिक कारणाने आलेली ही समस्या एन४८.४ मध्ये आहे. आपल्या विमा दाव्यांचा आधार ही मूळ आवृत्ती. दिवसभर अमेरिकी दावे करून नंतर इथल्या रुग्णालयात रुजू झालेल्या कोडरच्या बोटांवर एन५२ बसलेला असतो. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये ही समस्या एचए०१.१ म्हणून लैंगिक आरोग्याच्या स्वतंत्र प्रकरणात गेली आहे. तिथे 'शरीराची की मनाची' अशी दोन घरे उरलेली नाहीत.

चूक झाली तर कोणाचे काय जाते?

दवाखान्याचे पैसे अडकतात हे झालेच. पण स्वतः घेतलेले औषध डॉक्टरांनी दिल्याचे दाखवून मेडिकेअरकडून वारंवार पैसे घेतले, तर प्रकरण खोट्या दाव्यांच्या कायद्यात जाऊ शकते. अमेरिकी यादवीच्या काळात, १८६३ मध्ये, सैन्याला निकृष्ट माल पुरवणाऱ्या ठेकेदारांसाठी केलेला हा कायदा आज रुग्णालयांना सर्वाधिक धाक घालतो. दावा डॉक्टरांच्या नावाने जातो, त्यामुळे पहिली जबाबदारी त्यांची. पण नागपुरातल्या कंपनीचे कंत्राट आणि कोडरचा अचूकतेचा टक्का दोन्ही त्याच नोंदीवर टांगलेले असतात.

दुसरी जोखीम गोपनीयतेची. अमेरिकेच्या १९९६ च्या हिपा कायद्याखाली रुग्णाची माहिती हाताळणाऱ्या बाहेरच्या कंपनीलाही करार करून बांधून घेतात. म्हणूनच अशा अनेक कार्यालयांत मोबाइल आत नेता येत नाही. ओहायोतल्या अनोळखी माणसाची ही खासगी गोष्ट इथे इतकी जपली जाते.

इथल्या रुग्णाच्या बिलात काय असते?

आपल्याकडे गोष्ट उलटी आहे. ओपीडीत अशा इंजेक्शनची पावती बहुतेक वेळा 'प्रोसिजर चार्जेस' किंवा 'इंजेक्शन' एवढ्या दोन शब्दांत आटोपते. डॉप्लर चाचणीसाठी औषध टोचले असेल तर ते चाचणीच्या रकमेतच मुरते. कोणते औषध, किती मायक्रोग्रॅम किंवा मिलिग्रॅम, कोणत्या बॅचचे, यातले काही नसते. रुग्णालाही ते नकोच असते. पावती घरात कोणाच्या हाती लागेल याची भीती उपचाराच्या खर्चापेक्षा मोठी असते.

विम्याचे उत्तर इथे लांबवण्यासारखे नाही. साध्या मेडिक्लेमला २४ तास दाखल होणे किंवा ठरावीक डे-केअर प्रक्रिया लागते. ओपीडीतले इंजेक्शन त्यात बसत नाही. एप्रिल २०२० पासून आलेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीतही ओपीडी खर्च वगळलेला आहे. ओपीडीचे स्वतंत्र संरक्षण घेतले असेल तर पॉलिसीतली वगळलेल्या आजारांची यादी वाचावी. लैंगिक समस्यांच्या उपचारांचा उल्लेख तिथे असू शकतो. विमा नसलेल्या ६० वर्षांवरील व्यक्तीला मात्र बिल जपण्याचे एक व्यावहारिक कारण आहे. जुन्या करप्रणालीत वैद्यकीय खर्चावर ५० हजार रुपयांपर्यंत वजावट मिळते, पैसे रोख दिलेले नसतील तर.

मग तपशीलवार बिल कशासाठी मागायचे?

या औषधाचा गंभीर दुष्परिणाम रात्री होतो, दवाखाना बंद झाल्यावर. चार तासांपेक्षा जास्त टिकलेली ताठरता, म्हणजे प्रायापिझम, ही आणीबाणी आहे. आत अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपत जातो आणि उशीर झाला तर पेशी कायमच्या निकामी होतात. ज्या क्षमतेसाठी उपचार घेतला तीच जाते. अशा वेळी मेडिकलच्या किंवा एखाद्या खासगी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात पोहोचलेल्या रुग्णाला पहिला प्रश्न असतो, 'काय टोचले, किती आणि किती वाजता?' लाजेने पावती न घेतलेल्या माणसाकडे उत्तर नसते. साधे पॅपॅव्हेरिन, अल्प्रोस्टॅडिल की तिन्हींचे मिश्रण, हे डॉक्टरांना माहीत नसेल तर पुढचे औषध अंदाजाने द्यावे लागते. अमेरिकेत जे०२७० पुढचा युनिटांचा आकडा पैशांसाठी लिहिला जातो, पण रात्री दोन वाजता तोच आकडा डॉक्टरांच्या कामाचा असतो.

रस्त्याकडेच्या तंबूत किंवा लॉजच्या खोलीत 'गुप्तरोग तज्ज्ञ' म्हणून बसणारे बिल देत नाहीत, यात नवल नाही. लैंगिक दुर्बलता बरी करण्याच्या जाहिरातीच १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने निषिद्ध आहेत. बसस्थानकाच्या भिंती ते वाचत नाहीत, एवढेच.

नोंदणीकृत डॉक्टरांकडे मात्र मागण्याचा अधिकार आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तपशीलवार बिलाचा समावेश आहे. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ च्या दुरुस्तीने रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे आले. ते खाटा असलेल्या रुग्णालयांना लागू होते, चौकातल्या एका खोलीच्या दवाखान्याला नाही. पण वैद्यकीय नोंदींच्या प्रती मागितल्यास ७२ तासांत देण्याचे बंधन २००२ च्या डॉक्टरांच्या आचारसंहितेत आहे.

पावतीवर आजाराचे नाव नको असेल तर तसे सांगता येते. औषधाचे नाव, मात्रा, बॅच क्रमांक, दिल्याची वेळ आणि देणाऱ्याची सही एवढे मात्र हवे. पावती घरी नेणे अवघड वाटत असेल तर मोबाइलमध्ये तिचा फोटो आणि शेजारी डॉक्टरांचा रात्रीचा नंबर ठेवला तरी चालते. चार तास मोजायचे ते सुई टोचल्यापासून नव्हे, ताठरता आल्यापासून.